बारा अंकांचा ताळा

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या लहानशा गावी देशातील पहिले आधार क्रमांक प्रदान करण्यात आले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग, श्रीमती सोनिया गांधी व भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे अध्यक्ष श्री. नंदन नीलेकणी या समारंभास उपस्थित होते. त्या दिवशी टेंभलीच्या आदिवासी स्त्री-पुरुषांच्या हाती जे पडले ते वरकरणी एक कार्ड होते. वस्तुतः ती एक संख्या होती, बारा अंकांची, आणि त्याआधी देशात कोणालाही न दिलेली.

त्यानंतर अशा संख्या देशात १३० कोटींहून अधिक व्यक्तींना मिळाल्या. याच जिल्ह्यातील धानोरा घ्या किंवा सातपुड्याच्या पायथ्याचे दुसरे कोणतेही गाव घ्या. रास्तभाव दुकानात धान्य घेताना, बँक मित्रापुढे बसून पैसे काढताना, शाळेत मुलाचे नाव घालताना ही संख्या सांगावी लागते. कोणी ती कार्डावरून वाचून दाखवितो, कोणी पाठ म्हणतो, कोणी वहीच्या फाटक्या पानावर उतरवून आणतो. ऐकणारा ती यंत्रात भरतो. सांगणे, ऐकणे, लिहिणे व भरणे या चारही पायऱ्यांवर चूक होऊ शकते. बारांपैकी एक अंक जरी बदलला तरी ती संख्या त्या माणसाची राहत नाही.

चूक तेथल्या तेथे लक्षात यावी अशी एक सोय या संख्येच्या पोटातच करून ठेवलेली आहे. ती सोय म्हणजे बारावा, अर्थात शेवटचा अंक. आधीचे अकरा अंक ठरले की बारावा आपोआप ठरतो. तो कसा ठरतो, ही अंकगणितातील एक सुरस कथा आहे, आणि शाळकरी मुलासही ती समजावून घेता येईल.

निखर्वाच्या घरातील संख्या

प्रथम या संख्येचा आकार पाहू. एकं, दहं, शतं, सहस्र असे आपण कोटीपर्यंत सहज जातो. त्यापुढे बहुतेकांची जीभ अडखळते. भास्कराचार्यांनी लीलावतीत ११५० च्या सुमारास दिलेली स्थानांची नावे कोटीपुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म अशी चढत परार्धापर्यंत पोहोचतात. भास्कराचार्य खानदेशाला परके नाहीत. त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, आणि तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. त्यांच्या गणनेप्रमाणे बारा अंकी संख्येचा डावीकडील पहिला अंक निखर्वाच्या स्थानी बसतो.

हा पहिला अंक शून्य किंवा एक नसतो. ते दोन अंक अन्य उपयोगासाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणजे पहिल्या स्थानी आठ पर्याय उरले. पुढील दहा स्थानांवर प्रत्येकी दहा पर्याय आणि बाराव्या स्थानी एकच, कारण तो अंक ठरलेला. हा गुणाकार ८ खर्व, म्हणजेच ८,००० कोटी होतो. २०११ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १२१ कोटी होती. तिच्या सहासष्टपट संख्या हाताशी आहेत, असा याचा अर्थ. एवढ्या संख्यांची गरज काय, असे कोणी विचारील. मृत व्यक्तीचा क्रमांक दुसऱ्या कोणासही पुन्हा देता येत नाही, असे २०१६ च्या आधार कायद्याने ठरविले आहे. त्यामुळे पुढच्या अनेक पिढ्यांची तरतूद आधीच असणे भाग होते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कोणी मनाला येईल ती बारा अंकी संख्या, पहिला अंक दोन ते नऊपैकी ठेवून, यंत्रात भरली तर शेवटचा अंक योगायोगाने जुळण्याची शक्यता दहात एक. ती संख्या खरोखरच कोणाला दिलेली असण्याची शक्यता सुमारे सहाशेत एक. संख्या विरळ पेरलेल्या आहेत. दाट पेरल्या असत्या, तर प्रत्येक चुकीचा अंक कोणा ना कोणाच्या दारात जाऊन उभा राहिला असता.

न बोलणारी संख्या

आपल्या नित्य परिचयाची दुसरी मोठी संख्या म्हणजे टपालाचा पिन क्रमांक. श्री. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून तो साकारला आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आला. पिन क्रमांक बोलका आहे. नंदुरबारचा ४२५४१२ हा क्रमांक पाहताच टपाल कर्मचाऱ्यास कळते की आरंभीचा ४ म्हणजे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा यांचा विभाग. पुढील प्रत्येक अंकागणिक वर्तुळ लहान होत जाते आणि अखेर पत्र एका टपाल कार्यालयापाशी येते.

आधार क्रमांक याच्या नेमका उलट आहे. तो यादृच्छिक असावा आणि धारकाच्या कोणत्याही वैशिष्ट्याशी त्याचा संबंध नसावा, असे कायद्यातच म्हटले आहे. त्यावरून गाव, जात, धर्म, वय, स्त्री की पुरुष, काहीही कळत नाही. टेंभलीच्या पहिल्या क्रमांकात नंदुरबारची खूण नव्हती, आणि धानोऱ्यातील एकाच घरातल्या पाच जणांच्या पाच क्रमांकांत परस्परांचे काही नाते नसते. हा मोठा गुण आहे. परंतु त्याची किंमतही आहे. पिन क्रमांकात चूक झाली तर पत्त्यावरील गावाच्या नावावरून ती सुधारता येते, कारण संख्या व नाव एकमेकांस साक्ष देतात. मुक्या संख्येला अशी बाहेरची साक्ष नाही. तिने स्वतःची साक्ष स्वतःच द्यावयाची, आणि त्यासाठी बाराव्या अंकाची योजना आहे.

चुका कोठे होतात

चुकांचा अभ्यास केल्याखेरीज चुका पकडण्याचे साधन घडविता येत नाही. नेदरलँड्समधील गणितज्ञ याकोबस व्हरहूफ यांनी हे काम १९६० च्या दशकात केले. आपल्या देशाच्या टपाल व्यवस्थेतील प्रत्यक्ष नोंदी तपासून त्यांनी चुकांचे वर्गीकरण केले, आणि त्यावर आधारलेला प्रबंध ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्राने १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की सुमारे ८० टक्के चुकांत एकच अंक बदललेला असतो; सुमारे १० टक्के चुकांत शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. उरलेल्या चुका अनेक प्रकारच्या, पण प्रत्येक प्रकार थोडा.

या दोन मुख्य चुकांना आपल्याकडे आणखी खतपाणी मिळते. देवनागरी चार इंग्रजी आठासारखा दिसतो आणि देवनागरी एक इंग्रजी नवासारखा. आजोबांनी मराठीत उतरविलेला क्रमांक नातवाने इंग्रजी समजून वाचला की एक अंक बदलला. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील साक्षरता सुमारे ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी होती. जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातींचे लोक. घरात भिली, पावरी किंवा मावची, बाजारात अहिराणी वा गुजराती आणि कार्यालयात मराठी. एकच संख्या तीन भाषांतून प्रवास करते.

अदलाबदलीचे मूळ मात्र आपल्या संख्यावाचनात आहे. ७४ ही संख्या लिहिताना सात आधी येतो, पण उच्चारताना आपण ‘चौऱ्याहत्तर’ म्हणतो, म्हणजे चार आधी. समजा, धानोऱ्याच्या दुकानात एखाद्या आजीबाई क्रमांक दोन दोन अंकांनी सांगत आहेत. ‘चौऱ्याहत्तर’ ऐकताच घाईतल्या बोटाने चारची कळ दाबली की ४७ झालेच. “आजी, सत्तेचाळीस का चौऱ्याहत्तर?” असे विचारण्याइतकी उसंत रांग लांब असताना राहत नाही. गंमत अशी की व्हरहूफ यांच्या डच भाषेतही हीच रीत आहे. तेथेही ४७ ला ‘सात आणि चाळीस’ अशा अर्थाचा शब्द आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तर चार’ अशा वाचनाचा पर्याय दिला गेला तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. तत्कालीन गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी लहान मुलांना होणारा घोटाळा हेच त्यामागील कारण सांगितले होते. भाषेच्या अंगाने कोणास काहीही वाटो, घोटाळा खरा आहे, आणि तो लहान मुलांपुरता नाही.

जुना ताळा व त्याची मर्यादा

गुणाकार बरोबर आला की नाही हे पाहण्यासाठी जुने पंतोजी नवाचा ताळा घेत. संख्येतील अंकांची बेरीज करावयाची, ती एक अंकी होईपर्यंत पुन्हा पुन्हा करावयाची, आणि येणारा अंक दोन्ही बाजूंना सारखा येतो का ते पाहावयाचे. क्षणात होणारी ही परीक्षा चांगलीच आहे. परंतु ४७ चा ताळा २ आणि ७४ चाही २. बेरजेत अंकांचा क्रम उरतच नाही, त्यामुळे अदलाबदल तिला दिसत नाही. दुकानदार व रोखपाल या उणिवेचा उलटा उपयोग करतात. हिशेबात येणारी तफावत नवाने नि:शेष भागली, तर कोठेतरी दोन अंकांची जागा बदलली असावी असा त्यांना संशय येतो. ७४ मधून ४७ वजा केल्यास २७ उरतात, ते असे.

क्रमाला किंमत यावी म्हणून एक उपाय निघाला. प्रत्येक स्थानाला वेगळे वजन द्यावे, अंकाला त्या वजनाने गुणून मग बेरीज करावी. वस्तूंच्या वेष्टनांवरील तेरा अंकी पट्टी-संकेतात एक सोडून एका अंकाला तिनाने गुणतात. त्यामुळे बहुतेक अदलाबदली पकडल्या जातात, पण ज्या दोन अंकांत पाचाचा फरक आहे, जसे २ व ७ किंवा १ व ६, त्यांची अदलाबदल निसटते. बँकांच्या कार्डांवरील पद्धतीतून ०९ व ९० यांची अदलाबदल निसटते. पुस्तकांच्या जुन्या दहा अंकी क्रमांकात अकराने भागून बाकी घेत. तेथे दोन्ही चुका पकडल्या जात, परंतु बाकी दहा उरली की ती एका अंकात मावत नसे आणि अंकाऐवजी रोमन अक्षर छापावे लागे. केवळ अंकांच्याच कळा असलेल्या यंत्रावर अक्षर कसे भरणार?

दहाच अंक वापरून, साध्या बेरजेच्या आधाराने, एका अंकाची प्रत्येक चूक आणि शेजारच्या अंकांची प्रत्येक अदलाबदल या दोन्ही पकडणारी पद्धत अशक्य आहे, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. व्हरहूफ यांनी यावर मार्ग काढला तो बेरीजच बदलून.

पुठ्ठ्याचा पंचकोन

पाच समान बाजूंचा एक पंचकोन पुठ्ठ्यातून कापावा आणि ज्या चौकटीतून तो कापला ती चौकट जपून ठेवावी. हा पंचकोन त्या चौकटीत पुन्हा किती प्रकारे बसेल? न उलटता, एकेक कोपरा पुढे सरकवीत, पाच प्रकारे. आणि उलटा करून आणखी पाच प्रकारे. एकूण दहा. अंकही दहाच आहेत. म्हणून ० ते ४ हे अंक सरळ पंचकोनाच्या पाच बैठकांना द्यावे, आणि ५ ते ९ हे उलट्या पंचकोनाच्या पाच बैठकांना.

आता पंचकोन एक घर फिरवून मग उलटावा. पुन्हा मूळ स्थितीत आणून आधी उलटावा आणि मग एक घर फिरवावा. कोपऱ्यांवर खुणा केलेल्या असतील तर दिसेल की दोन्ही वेळा पंचकोन वेगवेगळ्या बैठकीत आला. येथे क्रमाला किंमत आहे. दोन आणि तीन किंवा तीन आणि दोन, बेरीज तीच, असे येथे चालत नाही. बेरजेत जे हरवत होते ते या फिरवण्या-उलटण्यात सापडते.

हे कागदावर मांडण्यास चार नियम पुरतात. दोन अंकांच्या या व्यवहारास ‘जोड’ म्हणू. दोन्ही अंक पाचाहून लहान असल्यास त्यांची बेरीज घ्यावी, पाच किंवा अधिक झाल्यास पाच वजा करावे. पहिला लहान व दुसरा पाच किंवा त्याहून मोठा असल्यास मोठ्यातून पाच काढून बेरीज घ्यावी, ती पाचाच्या आत आणावी आणि काढलेले पाच पुन्हा मिळवावे. पहिला मोठा व दुसरा लहान असल्यास पहिल्यातून पाच काढून त्यातून दुसरा वजा करावा, उत्तर ऋण आले तर पाच मिळवून धन करावे आणि मग काढलेले पाच परत द्यावे. दोन्ही मोठे असल्यास पहिल्यातून दुसरा वजा करावा. ऋण आले तर पाच मिळवावे. पडताळा म्हणून, १ जोड ५ म्हणजे ६. पण ५ जोड १ म्हणजे ९.

एक अडचण उरते. लहान अंकांची आपसातील जोड ही साधी बेरीजच आहे. १ जोड २ आणि २ जोड १ दोन्ही तीनच. तेव्हा अशा अंकांची अदलाबदल निसटेल. त्यासाठी व्हरहूफ यांनी जोड घेण्यापूर्वी प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाप्रमाणे वेष पालटावयास लावले. ०, १, ५, ८, ९, ४, २, ७ ही आठ अंकांची एक माळ. सातापुढे पुन्हा शून्य. राहिलेले ३ व ६ एकमेकांची जागा घेतात. उजवीकडून पहिल्या स्थानावरील अंक तसाच ठेवावा, दुसऱ्या स्थानावरील अंक माळेत एक पाऊल पुढे न्यावा, तिसऱ्यावरील दोन पावले, चौथ्यावरील तीन, याप्रमाणे. मग उजवीकडून डावीकडे जोड घेत जावे. अखेर शून्य आले तर संख्या ताळ्यात बसली.

एक छोटे उदाहरण

बारा अंकी उदाहरण येथे मुद्दाम दिलेले नाही. योगायोगाने ते कोणाचा तरी क्रमांक असू शकेल. २३६३ ही चार अंकी संख्या घेऊ. उजवीकडून पहिला ३, तो तसाच. दुसरा ६, एक पाऊल पुढे म्हणजे ३. तिसरा ३, दोन पावलांत पुन्हा ३. चौथा २, तीन पावलांत ७, ०, १ असा जाऊन १. आता जोड घ्यावी. ३ जोड ३ म्हणजे सहातून पाच गेले, १. मग १ जोड ३ म्हणजे ४. शेवटी ४ जोड १ म्हणजे पाचातून पाच गेले, शून्य. संख्या बरोबर.

आता तीच संख्या कोणी २४६३ अशी भरली असे समजू. तिसऱ्या स्थानावरील ४ दोन पावलांत २ वरून ७ वर जातो. पहिली जोड पूर्वीप्रमाणे १. मग १ जोड ७ म्हणजे ८, आणि ८ जोड १ म्हणजे ७. शून्य आले नाही. चूक पकडली गेली. आता पहिल्या दोन अंकांची अदलाबदल करून ३२६३ घेऊ. तिसऱ्या स्थानावरील २ चा वेष ० होतो, चौथ्या स्थानावरील ३ चा ६. पहिली जोड १, मग १ जोड ० म्हणजे १, आणि १ जोड ६ म्हणजे ७. पुन्हा शून्य नाही. नवाचा ताळा मात्र २३६३ व ३२६३ या दोहोंचा पाचच येतो. जुन्या पंतोजींच्या नजरेतून जे सुटले असते ते येथे सुटले नाही.

बारा अंकी क्रमांकासाठी रीत हीच, फक्त पावले अकरापर्यंत जातात. यंत्राला त्यास क्षणाचाही विलंब लागत नाही, आणि दूरच्या संगणकाशी संपर्क असण्याचीही आवश्यकता नाही. डोंगराळ भागात जेथे दूरध्वनीचा संकेत क्षीण असतो तेथे ही बाब मोलाची ठरते. क्रमांक चुकीचा भरला गेला आहे एवढे तरी तेथेच कळते.

अंकांच्या क्रमात रमणारे गणिती महाराष्ट्राला नवीन नाहीत. देवळाली येथे शिक्षकी पेशात आयुष्य घालविलेले श्री. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा शोध लावला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करीत राहा; सात पायऱ्यांच्या आत ६१७४ समोर येते. त्यांच्या हयातीत अनेकांनी हा केवळ अंकांचा खेळ मानला. व्हरहूफ यांचा पंचकोन तरी त्याहून वेगळा कोठे होता?

पुसट झालेला अंक

बाराव्या अंकाचा आणखी एक गुण फारसा ज्ञात नाही. पावसात भिजलेल्या, घडी पडलेल्या कार्डावरील एक अंक पुसट झाला, पण बाकीचे अकरा स्पष्ट असले, तर हरवलेला अंक शोधून काढता येतो. २३६३ मधील तिसऱ्या स्थानावरील ३ पुसला गेला असे समजू. जोड १ पर्यंत आली, मध्ये अज्ञात अंक, आणि शेवटी १ ने जोड घेऊन शून्य यावयास हवे. चार जोड एक म्हणजे शून्य, तेव्हा मधली जोड ४ हवी. १ जोड ३ म्हणजे ४. आणि ३ दोन पावले मागे नेला तरी ३ च राहतो. दहा अंकांपैकी एकच अंक बसतो, दुसरा बसत नाही. दोन अंक पुसले गेले तर मात्र दहा पर्याय उरतात, आणि अंदाजाने त्यांतील एक निवडणे म्हणजे दुसऱ्याच्या क्रमांकाशी खेळ होय.

याच गणिताची दुसरी बाजू झाकलेल्या आधार प्रतीत दिसते. या प्रतीवर पहिले आठ अंक दडविलेले असून शेवटचे चारच दिसतात. ज्याने ते चार पाहिले त्याच्यापुढे ताळ्यात बसणाऱ्या ८० लाख संख्या उरतात. म्हणून ओळख दाखविण्यापुरते काम असेल तेथे अशी प्रत देणे इष्ट. २०१८ पासून सोळा अंकी आभासी क्रमांकाचीही सोय झालेली आहे. तो आधार क्रमांकाऐवजी देता येतो, हवा तेव्हा बदलता येतो, आणि त्याच्या अखेरच्या अंकालाही हाच पंचकोनी ताळा आहे.

ताळा बसला, पुढे काय

या अंकाची शक्ती मोठी असली तरी क्षेत्र लहान आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. संख्या नीट लिहिली आहे एवढेच तो सांगतो. ती कोणाची आहे हे तो सांगत नाही; ती कोणाला दिलेली आहे की नाही हेही सांगत नाही. धानोऱ्यातील एखाद्या घरात दोन कार्डे एकाच पिशवीत असतील आणि सासूच्या नावापुढे सुनेचा क्रमांक भरला गेला, तर ताळा बिनचूक बसेल. दोन्ही संख्या आपापल्या जागी निर्दोष आहेत. चूक संख्येत नसून नाव व संख्या यांच्या गाठीत आहे, आणि ती गाठ तपासण्याचे काम पंचकोनाचे नव्हे, माणसाचे आहे.

अशा चुकीची किंमत फार असते. आधार क्रमांकावरून होणारे प्रदान त्या क्रमांकाशी शेवटी जोडल्या गेलेल्या बँक खात्यात जाते. रोजगार हमीची मजुरी याच पद्धतीने देणे १ जानेवारी २०२४ पासून बंधनकारक करण्यात आले. ज्या मजुराच्या नावापुढे दुसऱ्याचा क्रमांक लागला त्याची मजुरी कागदोपत्री दिली गेलेली असते, आणि त्याच्या हाती काहीच आलेले नसते. तो कार्यालयात विचारावयास जातो तेव्हा त्याला पडद्यावर दाखविलेला क्रमांक बारा अंकी असतो, ताळ्यात बसणारा असतो, आणि तरीही त्याचा नसतो. यास्तव खाते जोडताना व जॉबकार्डावर क्रमांक चढविताना दोघांनी मिळून, एकाने मोठ्याने एकेक अंक वाचून व दुसऱ्याने कार्डावर बोट ठेवून, नावासह पडताळणी करणे आवश्यक आहे. जोडीजोडीने न वाचता सुटे अंक वाचावेत. ‘चौऱ्याहत्तर’ न म्हणता ‘सात, चार’ म्हणावे.

क्रमांक बरोबर आणि माणूसही तोच, पण शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्याने अंगठा उमटत नाही, असाही प्रसंग येतो. बुबुळाची प्रतिमा आणि भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक अंक हे त्यावरील पर्याय होत. आधारच्या अशा तांत्रिक अडचणीमुळे पात्र व्यक्तीस लाभ नाकारू नये, ओळख पटविण्याचा दुसरा मार्ग अवलंबावा आणि तशी नोंद अपवाद म्हणून ठेवावी, असे निर्देश २०१७ पासून आहेत. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा मर्यादांसह वैध ठरविला. शासकीय अनुदानाच्या योजनांसाठी आधारची अट मान्य केली, मात्र आधार नाही म्हणून कोणत्याही बालकास लाभ नाकारता येणार नाही असेही स्पष्ट केले. हा क्रमांक नागरिकत्वाचा वा अधिवासाचा पुरावा नाही, ही गोष्ट कायद्यात पहिल्यापासून आहे.

धानोऱ्याच्या दुकानात अंगठा उमटला नाही तर दुकानदाराने त्या अपवादाच्या नोंदवहीत नाव, शिधापत्रिकेचा क्रमांक व दिलेले धान्य लिहावयाचे असते. त्या वहीतील रकाने हाताने भरावे लागतात, आणि शिधापत्रिकेचा क्रमांकही तेथे एकेक अंक वाचूनच उतरवावा लागतो.